मास्तरांच्या मोटारीचं तेल

मार्गशीर्षातल्या एका रविवारी गंगाराम मास्तरांनी आपल्या मोटारीच्या पोटातलं जुनं तेल काढून टाकलं आणि नवीन कुठलं घालावं हे चार माणसांना विचारलं. पहिलं काम अर्ध्या तासात झालं. दुसऱ्याला दोन महिने लागले, आणि तेवढ्यात मास्तरांची लाडकी लेक तांदळाच्या पोत्यांवर बसून सासरी जाते की काय, अशी वेळ येऊन ठेपली.

पोत्यांचं असं झालं. मालनचं लग्न पालीच्या महिपतरावांच्या मुलाशी ठरलं होतं. महिपतरावांची पालीच्या बाजारात भातगिरण, गिरणीला तेलाचं इंजिन आणि दाराशी स्वतःचा ट्रक. बोलणी चालली असताना ते सहज म्हणाले, की पाठवणीला ट्रक धाडतो, पोती जरा बाजूला सारू म्हणजे झालं. मास्तर ताठ बसले आणि म्हणाले, की मुलगी आमच्या मोटारीतून येईल. महिपतरावांनी ती मोटार पाहिलेली होती. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले. पण त्या ‘बरं’मध्ये रत्नागिरी ते पाली हा रस्ता, त्यावरचे सगळे चढ आणि मोटारीचं वय, एवढं सगळं आलं. आतल्या खोलीत मालनने ते ऐकलं आणि आईला सांगून टाकलं, की जाईन तर बाबांच्या गाडीतून, नाहीतर मी जायचीच नाही.

ही मोटार एकोणीसशे अठ्ठावीस सालची, विलायती. ती मास्तरांच्या घरी कशी आली हे सांगत बसलं तर लग्न राहून जाईल. ती गोठ्यात म्हशीच्या शेजारी उभी असे, मास्तर सुट्टीच्या दिवशी तिला पुसत आणि शिमग्यात, दिवाळीत बंदरापर्यंत फिरवून आणत. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. ‘घर्षण’ हा धडा त्यांनी वीस वर्षं शिकवला होता, आणि वंगणाचे फायदे त्यांचे विद्यार्थी झोपेतही सांगत. त्यामुळे आपल्याला तेल कळतं असा त्यांचा प्रामाणिक समज होता. कुठलं तेल, एवढाच काय तो प्रश्न उरला होता.

पहिला सल्ला कुंपणापलीकडून आला. शेजारचे कमालभाई बावीस वर्षं बोटीवर इंजिनखात्यात तेल घालायच्या कामावर होते. जगातल्या निम्म्या बंदरांत त्यांनी तेल घातलं होतं आणि बाकीच्या निम्म्यांत ते सांडलं होतं, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी वाकून मोटारीच्या पोटाकडे पाहिलं, बोटाने आतला काळा राप काढून दोन बोटांत चोळला आणि निकाल दिला, की पन्नास नंबर, घट्ट, काकवीसारखं. त्याहून पातळ घालाल तर इंजिन खडखडून सुटं होईल.

पेट्रोल पंपावरचा माणूस मात्र कमालभाईंना हसला. आता नवीन तेल निघालंय, म्हणाला, त्यात साबणासारखं काहीतरी असतं, ते इंजिन आतून धुऊन लख्ख करतं. मास्तरांना हे फार शास्त्रीय वाटलं. घरी येऊन त्यांनी ते कमालभाईंना ऐकवलं, तेव्हा म्हातारा गंभीर झाला.

“मास्तर, मी सांगतो ते लक्षात ठेवा,” कमालभाई म्हणाले. “जुन्या इंजिनाला आतून आंघोळ घालायची नाय. पंचवीस वर्सांचा मळ बसलाय तिथं. त्या मळानंच त्याची हाडं धरून ठेवलीत. मळ सुटला की नळी तुंबली, नि नळी तुंबली की तुमचं इंजिन गेलं.”

मास्तर रात्रभर त्या मळाचा विचार करत पडले. आयुष्यभर मुलांना स्वच्छतेचं महत्त्व शिकवलेल्या माणसाला ही गोष्ट जड जाणारच. पण कमालभाईंच्या बोलण्यात तथ्य आहे असं त्यांना आतून वाटत राहिलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

तेवढ्यात पालीहून पोस्टकार्ड आलं. मोटारीच्या तेलाचा विषय तिथवर कसा पोचला कोण जाणे, पण महिपतरावांनी लिहिलं होतं, ‘चाळीस नंबर घालावे. आमच्या गिरणीस तेच घालतो. ट्रक तयार आहेच. लोभ असावा.’ त्यातलं ‘ट्रक तयार आहेच’ हे मास्तरांनी तीनदा वाचलं आणि त्याच क्षणी चाळीस नंबर रद्द केलं. ते योग्य असेल तरी रद्द.

मग त्यांनी मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की उन्हाळ्यात मध्यम तेल घालावं, हिवाळ्यात पातळ, आणि पहिलं हिम पडण्यापूर्वी बदल करावा. पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रत्नागिरी नसणार हे उघड आहे. पण मास्तर शास्त्राचे माणूस. रत्नागिरीला हिवाळा आहे की नाही, हे आधी ठरवायला हवं असं त्यांनी मनात घेतलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक आणून गोठ्यात टांगला आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ आकडे वहीत उतरवायला सुरुवात केली. आठव्या दिवशी म्हशीने शेपटी मारली आणि तापमापक फुटला. शाळेत त्याचा खुलासा द्यावा लागला. मुख्याध्यापक संस्कृतचे, अत्यंत काटेकोर. त्यांनी खुलाशावर लाल शाईने शेरा मारला, की उपकरण मोडण्याच्या मान्य कारणांमध्ये म्हशीचा उल्लेख नाही. तरी आठ दिवसांचे आकडे हाती होतेच. त्यावरून मास्तरांनी निष्कर्ष काढला, की रत्नागिरीला मोटारीच्या दृष्टीने हिवाळा नाही, सबब मध्यम तेल, म्हणजे तीस नंबर, तेही साबणाविना. ते गावात मिळत नव्हतं. त्यांनी मुंबईला पत्र टाकलं आणि डबा बोटीने मागवला.

एव्हाना जुनं तेल घरात उरलं नव्हतं. मास्तरांनी ते बादलीत काढून ठेवलं, हे आळीत कळायचा अवकाश, कोणी दाराच्या बिजागऱ्यांना नेलं, कोणी वाळवीला, कोणी गाडीच्या कण्याला. संध्याकाळपर्यंत बादली घासून पुसून परत आली. मोटार कोरडी ठणठणीत गोठ्यात उभी, आणि मथुराबाई येता जाता तिच्याकडे बघून सुस्कारा टाकायच्या. मास्तरांच्या या बायको मोजकं बोलायच्या, पण सुस्कारे त्यांना बरेच येत. एकदा त्यांनी विचारलंदेखील, की इतकं कसलं ठरवायचं त्यात, तेल म्हणजे तेल. मास्तरांनी त्यांना घर्षणावर थोडं समजावून सांगितलं. त्या भाकरी थापत ऐकत राहिल्या.

पौष संपता संपता बोटीने डबा आला, आणि बंदरावरच्या कचेरीत अडकला. तिथल्या कारकुनाने डब्यावरचं लेबल वाचलं आणि विचारलं, की हे तेल खायचं की पेटणारं. खायचं असेल तर जकात भरा, पेटणारं असेल तर दाखला आणा. मास्तर म्हणाले, दोन्ही नाही, हे वंगण आहे. कारकुनाने छापील कागद उलटासुलटा करून दाखवला. वंगणाला रकाना नव्हता. मग डबा पेटणाऱ्यात गेला. दाखला कोणाचा लागेल असं मास्तरांनी विचारलं, तर उत्तर आलं, की मान्यताप्राप्त हायस्कुलाच्या विज्ञान शिक्षकाचा.

मास्तरांना हसू आलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं. कारकुनाने तितक्याच नम्रपणे त्यांना थांबवलं. डबा तुमचाच, दाखलाही तुमचाच, असं कसं चालेल, म्हणाला, दुसऱ्या विज्ञान शिक्षकाचा आणा. गावातले दुसरे विज्ञान शिक्षक रजा घेऊन आंजर्ल्याला गेलेले होते, गणपतीच्या दर्शनाला, आणि तिथं त्यांना ताप भरला होता. शेवटी मुख्याध्यापकांच्या सहीवर भागेल असं ठरलं. मुख्याध्यापक म्हणाले, की मी वाचल्याशिवाय सही करत नाही. त्यांनी मास्तरांकडूनच घर्षणाचं पुस्तक नेलं, चार दिवस वाचलं, दोन शंका विचारल्या आणि दाखला लिहिला. त्यात शेवटी घातलं, ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’. कारकुनाने तेवढ्यावर बोट ठेवलं. अल्पमतीचा दाखला घेता येत नाही, म्हणाला. मास्तर त्या दिवशी बंदरावरून चालत घरी आले आणि थेट गोठ्यात जाऊन मोटारीजवळ बसले. त्यांच्या मनाला फार लागलं होतं. इतकी वर्षं ज्या विषयावर जगलो त्या विषयातला साधा एक डबा आपल्याला सोडवता येत नाही, आणि पोरीसाठी दिलेला शब्द डोळ्यांदेखत जातोय.

माघातला मुहूर्त उजाडला. लग्न संध्याकाळचं, गोरज मुहूर्तावर, आणि पाठवणी दुसऱ्या दिवशी सकाळी. कमालभाई डब्यासाठी शेवटचं भांडून बघायला पहाटेच बंदरावर गेले होते. इकडे मास्तरांना लग्नाचे पाहुणे, भटजी, मांडवाची दोरी आणि आचाऱ्याचं रुसणं यांतून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. दुपारी मथुराबाई त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, की गाडीत तेल घातलंय, तुम्ही आता आंघोळ करून घ्या. मास्तरांना वाटलं, कमालभाईंनी डबा सोडवला. ते तसेच गोठ्यात धावले, तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. पट्टीवर बरोबर खुणेपर्यंत तेल होतं, आणि काय तेल. नितळ, सोनेरी, आरपार दिसणारं. असं तेल त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तीस नंबर ते तीस नंबर, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि हलक्या पावलांनी आंघोळीला गेले. मांडवभर तळणाचा वास दरवळत होता, त्यामुळे नाकाने त्यांना काही सांगितलं नाही. लग्न झकास पार पडलं. कमालभाई उशिरा आले ते हात हलवतच, पण त्या गर्दीत कोणी कोणाला काही विचारलं नाही.

सकाळी कधी नव्हे ती थंडी पडली होती. वऱ्हाडी मफलर गुंडाळून चहाचे कप दोन्ही हातांत धरून उभे होते. महिपतरावांचा ट्रक आळीच्या तोंडाशी येऊन थांबला होता, पोती नीट बाजूला सारलेली, वर सतरंजी अंथरलेली. मोटारीला झेंडूच्या माळा लावून झाल्या. कमालभाईंनी बोटीवरची जुनी टोपी घातली, पुढे जाऊन हँडल लावलं आणि फिरवलं. ते फिरलं नाही. दोन्ही हातांनी फिरवलं, तरी नाही. नवरा मुलगा पुढे झाला, त्याच्याच्यानेही हललं नाही. महिपतरावांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं.

मास्तरांनी पट्टी ओढली. ती यायला तयार नव्हती, आणि आली तेव्हा पांढरीशुभ्र, साजूक तूप लागल्यासारखी. मास्तर ती डोळ्यांपुढे धरून बघत राहिले. कमालभाईंनी बोटावर थोडं घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि टोपी काढून हातात घेतली.

“खोबरेल आहे, मास्तर,” ते म्हणाले. “नि चांगलं आहे.”

स्वयंपाकघराच्या दारातून मथुराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा मागमूस नव्हता.

“मीच घातलं,” त्या म्हणाल्या. “दोन महिने बघत्ये, तुमचं काही ठरेना. शिवणाचं मशीन त्याच्यावर चालतं, घड्याळ चालतं, रहाट चालतो. मालनबरोबर द्यायला घाण्यावरून काढून आणलं होतं, ते घातलं. तिच्याबरोबरच जायचं होतं ना ते? जाईल की.”

मास्तरांना रागवायचं होतं. त्यासाठी लागणारं सगळं त्यांच्याजवळ होतं. घर्षण होतं, वंगण होतं, द्रवाचा घन कसा होतो तोही धडा होता. पण बायकोने वर्षभराचं तेल लेकीसाठी राखलं आणि शेवटी नवऱ्याचा शब्द राखायला ओतलं, हे लक्षात आल्यावर रागवायचं राहूनच गेलं. त्यांना भरून आलं, आणि भरल्या मांडवात भरून येणं हे शिक्षकाला शोभत नाही म्हणून ते चष्मा पुसत बसले.

महिपतराव घसा खाकरून म्हणाले, की गृहप्रवेश अकराच्या आत व्हायला हवा, नवापर्यंत वाट बघू, पुढं मात्र सूनबाईंनी ट्रकमध्ये बसावं. मालन माजघरात बसून होती. तिने आतूनच सांगून धाडलं, की नवाला अजून पाऊण तास आहे.

आता काय करायचं यावर पुरुषांमध्ये मतं पडू लागली. कोणी म्हणे खाली निखारे ठेवा, कोणी म्हणे पेट्रोलच्या टाकीखाली निखारे ठेवणाऱ्याला आधी बांधा. मास्तर तेलाचा गोठणबिंदू आठवत होते. मथुराबाईंनी सगळ्यांचं थोडा वेळ ऐकून घेतलं.

“थंडीत खोबरेलाची बाटली थिजली तर काय करता तुम्ही?” त्यांनी विचारलं. “उन्हात ठेवता ना? मग ठेवा.”

इतकं सोपं काही असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. गोठ्यापुढच्या फणसाच्या सावलीतून मोटार ढकलत अंगणाच्या त्या टोकाला नेली, जिथे कातळावर कोवळं ऊन आलं होतं. नवऱ्या मुलाने मुंडावळ्या मागे टाकून खांदा लावला. माजघराच्या खिडकीतून ते बघितलं गेलं आणि तिथे बायकांमध्ये काहीतरी खुसखुस झाली. तोंड पूर्वेकडे करून बॉनेट उघडलं. मग मथुराबाईंनी चुलाण्यावरचं पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी मागवलं. एक हंडा कमालभाईंनी रेडिएटरमध्ये ओतला. उरलेल्यात गोणपाटं भिजवून ती मोटारीच्या पोटाला गुंडाळायची ठरली, तर घरात दोनच गोणपाटं. महिपतराव आधी बघत उभे होते. मग इंजिनाच्या माणसाला राहवेना. त्यांनी धोतर खोचलं, ट्रककडे जाऊन तीन पोती रिकामी करायला सांगितली आणि ती स्वतः आणून दिली. तांदूळ सतरंजीवर ओतले गेले. त्यामुळे ट्रकमध्ये सूनबाईंना बसायला जागा राहिली नाही, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

पाहुणे आंघोळीशिवाय राहिले. पण कोणाची तक्रार नव्हती. म्हाताऱ्या बायका मोटारीजवळ पाट टाकून बसल्या आणि बाळंतिणीला शेक देणाऱ्यांच्या अधिकाराने सूचना देऊ लागल्या. इकडून दाबा, तिकडून सोडा, वाफ कोंडू नका. मास्तर दर पाच मिनिटांनी पट्टी काढत. ती आधी तुपासारखी आली, मग सायीसारखी, आणि नवाला चार मिनिटं असताना पुन्हा सोनेरी, नितळ. कमालभाईंनी टोपी डोक्यावर ठेवली, बिस्मिल्ला म्हणून हँडल फिरवलं. मोटारीने एक आचका दिला, दोन दिले, आणि मग ती अशी सुरू झाली, की अंगणातले लोक एकमेकांकडे बघतच राहिले. खडखड नाही, घरघर नाही. म्हैससुद्धा नुसती वळून बघत राहिली.

मालन आईच्या गळ्यात पडली, रडली आणि रडता रडताच हसू लागली, कारण मागच्या नळीतून धूर यायला लागला होता आणि त्या धुराला करंज्या तळल्याचा वास होता. अख्खी आळी त्या वासाने भरून गेली. पोटात चहाशिवाय काही नसलेले वऱ्हाडी पटापट ट्रकमध्ये तांदळाच्या कडेने चढून बसले, की चला, लवकर पालीला पोचू या.

बारा-तेरा मैलांचा तो प्रवास पुढे बरीच वर्षं सांगितला जात होता. रस्त्यात जिथे जिथे मोटार गेली तिथे बायका दारात आल्या, कोणाकडे काय आहे ते विचारू लागल्या. हातखंब्याला एका हॉटेलवाल्याने हात करून थांबवलं आणि कुठला आचारी बरोबर नेताय अशी चौकशी केली. मास्तर चाकावर ताठ बसले होते. शेजारी कमालभाई, मागे नवरा-नवरी आणि पाठराखीण. चढ आला, की मागून येणाऱ्या ट्रकमधल्या महिपतरावांची मान बाहेर येई. मोटार चढ चढून जाई, आणि मान आत जाई. मास्तरांना इतका आनंद परीक्षेचा निकाल शंभर टक्के लागल्यावरही झाला नव्हता.

पावणेअकरा वाजता मोटार महिपतरावांच्या दाराशी उभी राहिली. सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, माप ओलांडलं, ती हसत घरात गेली. तेवढं होईपर्यंत महिपतराव कसेबसे थांबले होते. मग ते थेट मोटारीकडे आले आणि बॉनेट उघडून कान लावून उभे राहिले. गिरणीवरचे दोघे कामगारही आले. इंजिन अजून चालूच होतं, पोटभर जेवून पहुडलेल्या माणसासारखं संथ. गोणपाटं शेकली तेव्हा महिपतराव समोर होते. तेल खोबऱ्याचं, हेही त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण चाळीस वर्षांची गिरण त्यांना स्वस्थ बसू देईना.

“व्याहीबुवा, खरं सांगा,” ते म्हणाले. “नुसत्या खोबरेलावर असं चालत नाही. आत मिसळलंय काहीतरी. किती नंबरचं?”

तीस नंबर म्हणायला काही हरकत नव्हती. दोन महिने मास्तरांनी त्यासाठी घालवले होते, आणि तो आकडा त्यांच्या जिभेवर आलाही होता. त्यांनी दाराकडे पाहिलं. आत मालनचा आवाज येत होता, कोणालातरी ती वासाची गंमत सांगत होती.

“नंबर नाही हो त्याला,” मास्तर म्हणाले. “घरचं आहे. मालनच्या आईने काढलेलं.”

महिपतरावांनी इंजिनाकडे पाहिलं, कमालभाईंकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. कमालभाईही काही बोलले नाहीत. तेलाच्या विषयात समोरच्याला बोलायला काही उरलं नाही असं दोन महिन्यांत पहिल्यांदाच घडत होतं. मास्तरांनी ते थोडा वेळ मनापासून ऐकलं, इंजिन बंद केलं, बॉनेट हलक्या हाताने मिटलं आणि ते जेवायला आत गेले.